रेषेवरचा चेंडू

पंच वही उघडून कपडे बदलायच्या खोलीच्या दारातच उभे होते. गोल कुणाच्या नावावर लिहू, एवढंच त्यांना हवं होतं, कारण गोलसमोरच्या गर्दीत त्यांना नीट दिसलं नव्हतं. खोलीतल्या मुली मोजे काढता काढता थांबल्या.

झालं होतं असं. हंगामातला शेवटचा सामना, संपायला चार मिनिटं. ताईनं लांबून चेंडू हाणला. तो गोलकीपरच्या हाताखालून निसटून रेषेकडे निघाला, आणि आपल्या टिल्लीनं जिवाच्या आकांतानं स्वतःला झोकून देत पाय पुढे घातला. चेंडू आत गेला, त्याच्यामागे टिल्लीही जाळ्यात गेली आणि तिच्या अंगावर सगळ्याजणी पडल्या. पाय आणि चेंडू यांच्यात बोटभर अंतर राहिलं होतं. पण त्या ढिगाऱ्याखालून ते कोण कुणाला सांगणार?

टिल्ली संघातली सगळ्यात धाकटी, एकोणीस वर्षांची. बाबांशी भांडून, कॉलेज अर्धवट टाकून ती या क्लबात आली होती, आणि वर्ष सरत आलं तरी नावावर एक गोल नव्हता. ताई चौतिशीची, एक गुडघा कायमचा सुजलेला. तिनंच टिल्लीला भिंतीसमोर उभं करून डाव्या पायानं मारायला शिकवलं, आपल्या खोलीत ठेवून घेतलं. बाबांचा फोन आला की तीच त्यांची समजूत घालायची. आणि संघाच्या प्रशिक्षक सरांनी महिन्यापूर्वीच दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की पुढच्या हंगामात स्ट्रायकरची जागा एकच, शेवटच्या सामन्यानंतर ठरवू. आता बोला.

सरांनी ताईकडे पाहिलं. ताईनं टिल्लीकडे.

"लागला होता का गं तुला?"

जेवलीस का, असं विचारावं तसं विचारलं तिनं.

"हो," टिल्ली म्हणाली. "लागला."

"मग तिचाच," ताई म्हणाली आणि गुडघ्याची पट्टी सोडायला लागली.

पंचांनी लिहिलं. जागा टिल्लीला मिळाली आणि आठवड्यानं ताईनं खोली रिकामी केली. टिल्लीनं मनाची किती समजूत घातली म्हणून सांगू! कदाचित बुटाचं टोक लागलंही असेल, नाहीतरी ताईचा गुडघा किती दिवस चालणार होता, वगैरे वगैरे. स्वतःलाच पटेना. पुढच्या हंगामात तिनं अकरा गोल केले, पेपरात फोटो आला, बाबा तो चारचौघांना दाखवत फिरले. लोक पहिल्या गोलाची गोष्ट विचारायचे आणि ती सांगायची. सांगून सांगून ती गोष्ट चांगली गुळगुळीत झाली.

दीड वर्षानं ताईचा निरोप आला. ती आता एका शाळेत खेळ शिकवत होती आणि तिच्या मुलींना टिल्लीला बघायचं होतं. टिल्ली निघाली ती मनाशी ठरवूनच, की आज काय वाट्टेल ते होवो, सांगून मोकळं व्हायचं.

मैदानावर मुलींनी तिला गराडाच घातला. एका चुणचुणीत पोरीनं नको तेच विचारलं, पहिला गोल कसा मारला?

"तो मी नाही मारला," टिल्ली म्हणाली. "ताईचा होता. माझा पाय लागलाच नव्हता. मी खोटं बोलले."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. इतकी मोठी खेळाडू आणि जरासुद्धा गर्व नाही, सगळं श्रेय आपल्या ताईला देते, असं एकमेकींत कुजबुजणं सुरू झालं. टिल्लीला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

ताई बाजूला चेंडू गोळा करत होती. टिल्ली तिच्याजवळ गेली.

"ताई, मी खरंच सांगत होते गं. तो तुझा होता."

"मला काय सांगतेस? मीच मारला होता," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच टिल्लीला सोसवेना. "सांगायचं होतं ते त्या खोलीत."

टिल्लीनं चेंडूंच्या जाळीला हात घातला, तर ताईनं जाळी हळूच आपल्याकडे ओढली, खांद्यावर टाकली आणि ती लंगडत सामानाच्या खोलीकडे निघाली. मागून मुली वह्या उघडून आल्या होत्या. टिल्लीनं प्रत्येकीला सही दिली.