थंड भट्टीवाल्यांची नात

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकू नका, डुलकी लागेल. एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो, आणि तिच्या आडनावाचीही.

बाई ज्यू घरातली. तिच्या लोकांत पुष्कळांची आडनावं गावावरून पडलेली. वडील जाताना एवढंच म्हणाले, "आपल्या गावी जा. तुझ्या आजीच्या थडग्यावर माझ्या नावानं एक खडा ठेव." थडग्यावर फूल नाही, खडा ठेवायचा, ही त्यांची रीत. वडील गेल्यापासून बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सुई बोटात घुसली तरी रक्ताकडे बघत राहायची, जणू बोट शेजारणीचं.

शेवटी वडिलांच्या कबरीजवळचा खडा रुमालात बांधून ती त्या गावात उतरली. समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली, आपलं आडनाव सांगितलं नि विचारलं, "यांचं घर कुठे?"

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. "ताई, हे तर आमच्या गावाचं नाव! समुद्रात उभं राहून पाण्याचं घर विचारता होय?"

"पण आमचं आडनाव…"

"गाव सोडलेल्यालाच गावाचं नाव चिकटतं. इथं होते तेव्हा त्यांना काय म्हणायचे, देव जाणे."

घराण्यानं पत्ता म्हणून जपलेलं नाव इथे कुणाच्याच दाराशी नेत नव्हतं. आता थडगं कसं सापडायचं? तिला काहीच वाटलं नाही. रुमालाची गाठ तेवढी मुठीत घट्ट झाली.

कोपऱ्यात न्हाव्याची म्हातारी आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. "पोरी, आडनाव राहू दे. तुझे लोक करायचे काय?"

"पाव भाजायचे. शनिवार आमचा विसाव्याचा वार, त्या दिवशी भट्टी पेटवायचे नाहीत."

"अगं बाई! मग थंड भट्टीवाल्यांची म्हण की सरळ! शुक्रवारी तुझी आजी हाका मारायची, 'उद्या हात हलणार नाहीत, आजच न्या गं!' उरलेला पाव आमच्या पदरात."

गावाबाहेर बांधाला लागून काही दगड होते. एकावरही अक्षर नाही. कोण कुठे निजलंय ते अख्ख्या गावाला ठाऊक, लिहायचं कुणासाठी? म्हातारी एका दगडापाशी थांबली. "ही बघ. माझी आई इथला पाला झाडायची, आता मी झाडते. पाव खाल्लाय ना तिच्या हातचा."

बाईनं खडा ठेवला. रडू आलं नाही. दगडावर हात टेकून ती बसून राहिली. दगड उन्हानं तापला होता, एवढं मात्र तिला कळलं.

परतताना न्हाव्यानं दारातून हाक मारली. "ताई, पुढं कुणी विचारलं तर कोण येऊन गेलं म्हणून सांगू?"

ती वळली. "थंड भट्टीवाल्यांची नात."

तर मायबाप, उद्या पाव मोडाल तेव्हा त्या आजीची आठवण असू द्या. आणि पाला झाडणाऱ्या त्या मायलेकींच्या हातांचीही.