मागच्या दाराचा हार

गाड्या भाड्याने देणाऱ्या नवलशेठने मोबाइल ज्ञानेश्वरपुढे धरला. फोटो शनिवार सकाळचा होता. भाड्याने नेलेली पांढरी गाडी जळगावच्या याच आवारात उभी होती आणि तिच्या मागच्या डाव्या दारावर झेंडूचा लठ्ठ हार चिकटपट्टीने आडवा चिकटवलेला होता.

"बघा, नेताना दाराला काही झालेलं दिसतं का? नाही. आणली तेव्हा दार चेपलेलं. दार, रंग आणि चार दिवस गाडी बंद, असे चोवीस हजार. दहा हजार अनामत माझ्याकडे आहे. चौदा द्या."

"अहो शेठ, हाराखाली ते आधीपासूनच चेपलेलं होतं. आत गंजसुद्धा होता!"

"मग हार कुणी लावला?"

आता काय सांगणार? हार ज्ञानेश्वरनेच लावला होता. भाड्याची गाडी घेणारे शहाणे लोक आधी तिचे डाग शोधतात आणि त्यांचे फोटो काढून ठेवतात. ज्ञानेश्वरच्या घरच्यांनीही डाग शोधला होता. फक्त फोटो काढायचा सोडून तो झाकला होता!

ही करामत त्याच्या आईची, ताईबाईची. धाकट्या बहिणीचा, पुनमचा, साखरपुडा सोनगीरला, मुलाच्या दारी ठरला होता. शनिवारी निघताना ताईबाईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या दारापाशी थबकली. "आसं चेपेल दार लिसन याहीना दारसे जाशीन का? लोके काय म्हंतीन?" व्याह्यांच्या दारी चेपलेली गाडी नको, म्हणून बॉनेटसाठी आणलेला हार मागच्या दारावर गेला. ज्ञानेश्वर पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर, दिवसभर माणसांवर ओरडणारा. पण आईपुढे त्याचे काही चालत नसे. त्याने मुकाट्याने चिकटपट्टी लावली. पुढे सोनगीरला कुणीतरी विचारले, गाडी नवी घेतली का? ताईबाई ताठ मानेने म्हणाली, "हां, पोऱ्यानी आतेच लिधी." तेव्हाही तो गप्पच राहिला आणि आता त्याला त्याच गप्प बसण्याचा संताप येत होता.

"दार दाखवा मला," तो नवलशेठला म्हणाला.

गाडी आवाराच्या कोपऱ्यात होती. दाराच्या खड्ड्यात लांबीचा राखाडी लगदा भरून, घासून गुळगुळीत केला होता. गंजाचा मागमूस नव्हता. काल संध्याकाळी गाडी परत आली आणि आज सकाळी लांबी भरून तयार! एवढी तत्परता या माणसाने अनामत परत देताना कधी दाखवली असेल?

"पुरावाच मिटवला तुम्ही!"

"आवाज खाली," नवलशेठ शांतपणे म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत, तर परवा मी सोनगीरला जातो. गाडीत जीपीएस आहे. शनिवारी ती कुणाच्या दारात चार तास उभी होती ते मला ठाऊक आहे. त्यांनाच विचारतो, तुमच्या दारात माझ्या गाडीला काय झालं म्हणून."

चौदा हजारांचे ज्ञानेश्वरने कसेही केले असते. पण हा माणूस सोनगीरला जाऊन बोंब मारणार, पुनमच्या सासरी कळणार की गाडी भाड्याची होती आणि मुलीची आई धडधडीत खोटे बोलली. लग्न महिन्यावर आले होते, तेही सोनगीरलाच. सोयरीक मोडली तर बहिणीला तो कोणत्या तोंडाने सांगणार होता?

घरी आल्यावर त्याचा पाय ठरेना. तो ओट्यावर जाई, आत येई, पाणी घेई आणि न पिताच ठेवून देई. ताईबाई म्हणाली, "दी टाक पैसा. इज्जतना सवाल शे." त्यावर तो पहिल्यांदाच आईवर ओरडला, आणि ओरडून झाल्यावर त्याला आणखीच वाईट वाटले.

पुनम मात्र कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. "दादा, हाई देख," ती म्हणाली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, दीपकने, शनिवारी ती गाडीजवळ उभी असतानाचा फोटो काढून तिला पाठवला होता. फोटो कमरेपर्यंतच होता. पण त्यात खालच्या कडेला हाराचे टोक सुटून लोंबलेले दिसत होते.

"वारा व्हता तव्हय. हार सुटी गयथा," पुनम म्हणाली. "खालना फोटो दीपकनी कापी टाकेल शे. पुरा त्यान्हाजोडे व्हई."

ज्ञानेश्वरला कळेना, आनंद मानावा की कपाळ बडवावे. पुरावा होता, पण तो नेमका सोनगीरला होता. आणि तो मागायचा म्हणजे सगळे सांगावे लागणार. रात्रभर तो कूस बदलत राहिला. शेवटी एकच गोष्ट पक्की झाली: नवलशेठच्या आधी आपणच जायचे.

सकाळी सहालाच त्याने मोटारसायकल काढली. एरंडोलपर्यंत त्याने मनात एक वाक्य जुळवले, पारोळ्याला ते खोडले, धुळ्याला चहा पिताना तिसरेच धरले आणि सोनगीरच्या फाट्यावर तेही विसरला. दीपकचे वडील रुपचंद आबा अंगणात बसून कपाशीला औषध मारायच्या पंपाचे नळकांडे दुरुस्त करत होते.

"आबा, शनिवारनी गाडी आमनी नव्हती," तो उभ्याउभ्याच बोलून मोकळा झाला. "भाडानी व्हती. माय खोटं बोलनी आणि मी गप ऱ्हायनू. चूक मन्ही शे, पुनमनी नही."

मग हार, चेपलेले दार, लांबी, चोवीस हजार, सगळे सांगून टाकले. रुपचंद आबांनी पंप बाजूला ठेवला. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

"आम्हले तव्हयच माहीत व्हतं," ते म्हणाले. "आपली गाडी ऱ्हास, नी डिक्की उघडाले तुम्हले पाच मिन्टं लाग्नात!"

शनिवारी डिक्कीचा खटका शोधताना झालेली धांदल ज्ञानेश्वरला आठवली. आबांनी दीपकला हाक मारली. दीपकने मान खाली घालून पुरा फोटो काढून दिला. कापलेला भाग जसाच्या तसा होता: सुटलेला हार, त्याखाली खड्डा आणि खड्ड्यात तांबूस, जुना, पापुद्रे सुटलेला गंज. खाली वेळ होती, शनिवार, सकाळी अकरा पाच. जळगावहून निघून तीन तासही झाले नव्हते.

"पुनमले वाईट वाटी म्हनीसन कापा मी," दीपक पुटपुटला.

फोटो नवलशेठला गेला. दोन मिनिटांनी ज्ञानेश्वरने फोन लावला. "शेठ, तीन तासांत एवढा गंज चढतो का?"

"फोटोचं काय, कुणीही बनवतं. मी उद्या येतोच सोनगीरला."

आबांनी हात पुढे करून फोन घेतला. "उद्या कसाले? आजच या. तुमनी गाडी मन्हाच दारसे उभी व्हती. गंज आख्खा गावनी देखेल शे. लांबी भरनारा मिस्तरीले बी संगे ली या, त्याले आम्ही इचारसूत."

 मग नवलशेठचा सूर खाली आला. गैरसमज झाला असेल, मिस्तरीनेच चुकीचे सांगितले असेल, वगैरे. अर्ध्या तासात अनामतीचे पैसे खात्यावर परत आले. त्यातून चिकटपट्टीचे डाग काढण्याचे पाचशे मात्र त्याने कापलेच.

ज्ञानेश्वर आबांकडेच जेवला.  पैसे सुटले होते, पण सोयरिकीबद्दल आबा एक अक्षर बोलले नव्हते. विचारायची हिंमत होत नव्हती आणि न विचारता निघवतही नव्हते. शेवटी त्याने पाया पडून मोटारसायकलला किक मारली.

"ज्ञानेश्वर," आबांनी मागून हाक दिली. त्याने गाडी तशीच बंद केली.

"लगीनले बठ्ठा एष्टीमा या. फाटावर लेवाले आम्ही उभा ऱ्हासूत."

म्हणजे लग्न ठरल्याप्रमाणे होणार होते, फक्त सगळ्यांनी एसटीने यायचे होते. त्याने नुसतीच मान हलवली, दोनदा, तीनदा, आणि आबांना डोळे दिसू नयेत म्हणून उगाच वाकून पेट्रोलची तोटी तपासत राहिला.