भडंग आणि मोरचूद

लग्नात माहेरून मी फ्रिज आणला नाही, सोफा आणला नाही, समुद्र आणला. तीन फुटी काचेची टाकी, त्यात खारं पाणी, दगड, दोन केशरी मासे, थोड्या गोगलगायी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी. सांगलीहून तासगावजवळच्या या गावात येताना टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले, माशांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. वऱ्हाडी खदखदून हसले. हसू देत. मी प्राणिशास्त्र शिकले ते काय फक्त लग्नाच्या बायोडेटात लिहायला?

माझे सासरे लालासाहेब. त्यांना मी मामा म्हणते. द्राक्षबागायतदार माणूस, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. नवरा धैर्यशील फौजेत, तिकडे जम्मूला. सासूबाई, म्हणजे बनुआत्या, 'व्हय' सोडून दुसरं काही बोललेल्या मी तरी ऐकल्या नव्हत्या.

गेल्या महिन्यात टाकीतल्या वाळूवर लाल साय धरली. रोज काढावी, रोज नवी. बाहेरच्या सोप्यात, जिथं टाकी होती, कुबट वास सुटला. मामांनी काचेला नाक लावून बघितलं आणि निकाल दिला.

"शेवाळ हाय. शेततळ्यावर येतंय की. मोरचूद टाकला की दोन दिसांत साफ."

"मामा, हे शेवाळ न्हाई. शेवाळ दगडाला घट्ट धरून बसतं. हे बघा, नखानं उचललं की चादरीसारखं अख्खं निघतंय, आणि खाली बुडबुडे. हे बॅक्टेरिया हायत. पाण्यात घाण साठली की येत्यात."

"मग मोरचुदानं बॅक्टेरिया मरतील."

"बॅक्टेरिया मरतील, गोगलगायी मरतील, आणि सगळ्यांच्या आधी कोळंबी मरंल. मोरचूद म्हंजे तांबं. दगडात मुरलं की परत निघत न्हाई."

"तू मला मोरचूद शिकवतीस व्हय गं? तुझ्या जन्माआधीपासनं द्राक्षावर मोरचूद-चुन्याचा बोर्डो मारतोय मी!"

"बागेत मारा की, कुणी अडवलंय? माझ्या टाकीत न्हाई."

या माणसाला तोंडावर 'न्हाई' म्हणायची इथं रीत नव्हती. मामा चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी टाकतो. बघू कोण आडवतंय."

धैर्यशीलला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, बाबांचा स्वभाव तुला माहीत हाय. आणि मासे काय, परत आणता येतील." मी फोन कट केला. परत आणता येतील म्हणे! जसे काय टोमॅटोच.

माझा संताप संताप झाला, पण नुसतं संतापून पाणी सुधारत नाही. खारेपणा मोजला, ठीक. पाणी आटलं की मी फिल्टरचं गोडं पाणीच घालते, तेही ठीक. मग तपासायच्या काचनळीत टाकीचं पाणी घेऊन, औषधाचे थेंब टाकून नायट्रेट बघितलं, तर रंग बिटाच्या रसासारखा. म्हणजे पाण्यात खाणं जास्त पडून कुजत होतं. पण मी तर दिवसाला एकच चिमूट देते! पंपाचा स्पंज काढून पिळला आणि हातात काय आलं? भिजून फुगलेले हळदीचे चुरमुरे, अर्धा शेंगदाणा, कढीपत्त्याचं पान.

भडंग! आणि या घरात टाकीसमोर खुर्ची टाकून रोज दुपारी भडंग खाणारा माणूस एकच.

सकाळी परसात बादलीभर मोरचूद विरघळत ठेवलेला होता, निळाशार. मामा आत आले तेव्हा मी टाकीला पाठ लावून उभी होते. तळहातावरचा तो लगदा त्यांच्यापुढं धरला.

"हे काय?"

"तुमचं भडंग. माझ्या पंपातनं निघालं."

मामा गडबडले. मग आवाज चढवून म्हणाले, "मग? काचेला तोंड लावून आशेनं बघत्यात ती! आपल्या घरात कुणी उपाशी बसतंय आणि आपण खायाचं, हे मला न्हाई जमत."

"तेच कुजतंय, त्याच्यावरच ही लाल साय पोसतीय. रोग घातला तुमी आणि मरायचं माझ्या कोळंबीनं? जमणार न्हाई मामा. बादली आणली तर आधी माझ्या अंगावर ओता."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. माझ्याकडे न बघता ते मागच्या दाराकडे ओरडले, "बने, आण गं ती बादली!"

आत्या दारातच उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "आणत न्हाई."

मी मान वळवून बघितलं. मामांनीही बघितलं.

"काय म्हणालीस?"

"आणत न्हाई म्हणलं. टाकायचंच असंल तर सवता आणा. पर मग आजपासनं भडंगबी सवताच करून खावा."

मामा खुर्चीत बसले. मला वाटलं, आता मला माहेरी धाडतात. धाडू देत, टाकीसकट जाईन.

"मग करायचं काय, सांग की," ते शेवटी म्हणाले.

"आधी हात धुवा."

धुऊन आले. नखं निळी होती, परत पाठवलं. परत आले, परत पाठवलं. लालासाहेबांना हात धुवायला माघारी पाठवणारी या गावात मी पहिलीच असेन. मग हातात नळी दिली आणि लाल साय तेवढी कशी ओढून काढायची ते दाखवलं. तोवर आत्यांनी निळी बादली बागेकडे धाडली आणि मी नवं मिठाचं पाणी ढवळायला घेतलं.

मामांचा हात टाकीत कोपरापर्यंत होता. द्राक्षाच्या घडातले जादा मणी अलगद विरळणारा हात. वाळू जागची हलली नाही. तेवढ्यात कोळंबी दगडाखालून आली, सरळ त्यांच्या बोटावर चढली आणि नखाच्या कडा टोकरायला लागली. मामा श्वास रोखून उभे राहिले.

"काय करतीया गं ही?"

"तुमचा हात साफ करतीया. अजून घाण हाय म्हणायची."

ते हसले नाहीत. हात मात्र मागं घेतला नाही. नळीतून पाणी थेंबथेंब फरशीवर सांडत होतं, तरी तसेच वाकून राहिले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "पोरी, हिला तरी एक दाणा..."

"न्हाई!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.