फाटणारा बूट

बूट परत आले तेव्हा कोणीतरी ते धुऊन पाठवले होते. कारखान्याच्या तपासणीच्या टेबलावर दोन काळे गमबूट शेजारी शेजारी उभे होते, अगदी नवेकोरे वाटावेत असे.

ते पंपवाल्याचे होते. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तो पंप सांभाळायचा. त्या दिवशी गाळाच्या टाकीत उतरला, मऊ गाळात गुडघ्यापर्यंत रुतला आणि वरून चुकून पाणी सुटलं. दोघांनी काखेत हात घालून त्याला ओढलं. पण बुटात वरून पाणी भरलेलं आणि बाहेरून गाळाने धरलेलं. पाय काही निघाला नाही आणि पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं.

मिस्त्रींनी ते बूट वाकवले, ताणले, हवा भरून तोंड बंद केलं आणि पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. कारखान्यातल्या प्रत्येक बुटाचा साचा मिस्त्रींच्या हातचा. त्यांनी हात पुसले आणि साहेबांना सांगितलं, "बुटात दोष नाही."

मिस्त्रींची मुलगी तिथेच उभी होती. रबर-प्लास्टिकचं शास्त्र शिकून ती याच कारखान्यात बुटांचे आराखडे करायला लागली होती. वडिलांचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. तरी ते तिच्या गळी उतरेना. पंपवाला त्यांच्याच गल्लीतला, दोन घरं सोडून राहणारा. लहानपणी तिला सायकल त्यानेच मागून धरून शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यामागच्या आवारात एका हौदात चिकणमाती कालवली, तसलेच बूट घातले आणि आत उतरली. मग वरून बुटात पाणी ओतून घेतलं. सोल चिकटवणारे दोघे बघायला आले.

"मॅडम, पाणी घातलंत, आता खत टाकू का?"

"उगवलात की कळवा हं. माळी बोलावू."

तीही हसली आणि पाय उचलायला गेली. पाय जागचा हलेना. ओला मोजा बुटाला आतून चिकटला होता आणि टाच ओढली की जणू कोणी खालून धरून ठेवत होतं. तिने जोर लावला तसा दुसरा पाय आणखी खोल गेला. दोघांचं हसू मावळलं. त्यांनी तिला दोन्हीकडून ओढून पाहिलं. शेवटी थट्टा करणाऱ्यानेच सुरी आणून बूट पोटरीपासून घोट्यापर्यंत चिरला आणि तिचा पाय मोकळा झाला. दुसराही तसाच.

हौदाच्या काठावर बसून ती त्या चिरलेल्या बुटाकडे बघत राहिली. टाकीत पंपवाल्याजवळ सुरी नव्हती. असती तरी हाताला सापडली असती का, कोण जाणे. म्हणजे चीर बुटातच हवी.

चार दिवसांत आराखडा तयार झाला. बुटाच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या काठापासून घोट्यापर्यंत एक रेघ, जिथे बुटाचा थर बाकीपेक्षा पातळ; वर बोट अडकेल असा फासा. एरवी आत पाणी यायचं नाही. फासा जोरात ओढला तर मात्र बूट त्या रेघेवर फाटत जायचा. साहेबांनी कागद दोनदा पाहिला. "नवा साचा करायला वेळ नाही. पुढचा माल सोमवारी ओतायचाय. जुन्याच गाभ्यावर मिस्त्री काम करून देत असतील, तर माझी ना नाही."

गाभा म्हणजे साच्याच्या मधोमध बसणारा धातूचा पाय. त्याच्या आणि बाहेरच्या साच्याच्या फटीत गरम माल भरतो, तोच थंड होऊन बूट होतो. फट अरुंद तिथे बूट पातळ. त्यामुळे बूट पातळ करायचा, तर गाभ्यावर धातू चढवावा लागतो. आणि तो गाभा मिस्त्रींनी घासून घासून असा केला होता, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

जेवणाच्या सुट्टीत तिने विषय काढला. मिस्त्री मोठ्याने हसले. "जन्मभर लोक बूट फाटला म्हणून माझ्या अंगावर आले. तू पहिलीच, फाटत नाही म्हणून आलीस."

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये."

"आणि काम करताना खिळ्याला अडकून फाटला तर? पाणी आत जाईल त्याचं काय?"

"काठाजवळ एक बारीक खाच ठेवायची. फाटायला सुरुवात फक्त तिथूनच होईल, तीही फासा ओढला तरच. वाकवून वाकवून तपासू ना आपण."

मिस्त्रींनी डबा बंद केला. "माझा हात नाही धजायचा. दुसरा कोणी बघा, मॅडम."

खूश असले की ते तिला शास्त्रीणबाई म्हणायचे. मॅडम म्हटलं की बोलणं संपलं.

घरी दोघं आपापल्या ताटात बघून जेवत होती. आईने एकदा मिस्त्रींकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. "घरात दोन-दोन कारागीर, आणि मोरीतला नळ गळतोय तो गळतोयच." मग आई हळूच म्हणाली, "दोन घरं पलीकडे, वहिनींकडे जाऊन आले. विचारत होत्या, भाऊजी आमच्या घराचा रस्ता विसरले का."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "कोणत्या तोंडाने जाऊ?"

"अहो, पण तुमचा काय दोष?"

"दोष नाही, हेच तर सगळ्यांसमोर सांगून बसलोय."

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तू शिकलीयस. खरं काय ते सांग. माझ्यामुळे गेला का तो?"

नाही म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. पण ज्याची खात्री नाही ते ठासून सांगायची तिला सवय नव्हती.

"टाकीत माणूस असताना पाणी सोडलं, म्हणून गेले काका. पण बूट सुटला असता, तर कदाचित वाचले असते. नक्की नाही सांगता येत, बाबा."

"कदाचित," मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी ती कारखान्यात पोचली तेव्हा ते आधीच आलेले होते. गाभा शिकंज्यात आवळलेला, डोळ्यांवर काळी काच. तिला पाहून एवढंच म्हणाले, "रेघ कुठून कुठवर, खडूने आखून दे."

वेल्डिंगचा निळा उजेड लखलखला. गुळगुळीत धातूवर खडबडीत वळ उठला. मग कानस सुरू झाली. ते घासायचे, ती मापायची.

"अजून थोडं चढवावं लागेल."

"थोडं म्हणजे किती, शास्त्रीणबाई? थोडं तर तुझी आई मिठाला म्हणते."

पहिला बूट कितीही ओढला तरी फाटेना. दुसरा फाटला, पण चीर रेघ सोडून पुढे पायाच्या नडगीवर गेली. खाचेचं टोक बोथट होतं, हे तिने भिंगातून पाहिलं. तेवढं धारदार केल्यावर तिसरा सरळ घोट्यापर्यंत उघडला. त्याच ओतीतला एक जोड दोन दिवस यंत्रावर वाकत राहिला. मग हवा भरून पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही.

तो जोड तिने उचलला तशी मिस्त्रींनी तिच्या हातातून घेतला. "मी उतरतो."

हौदाभोवती सगळे जमले होते. आज खताची कोणी गोष्ट काढली नाही. पाणी बुटाच्या काठावरून आत शिरलं. मिस्त्रींनी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. त्यांचा चेहरा उतरत गेला. इतकी वर्षं बूट केले, पण आपला बूट माणसाला असा धरून ठेवतो, हे त्यांच्या पायाला आज कळत होतं.

"बाबा, फासा ओढा."

"थांब जरा."

ते तसेच उभे राहिले. डोळे मिटलेले, दोन्ही हात मोकळे. तिने काठ घट्ट धरला. मग त्यांनी वाकून फाशात बोट घातलं आणि ओढलं. चर्र असा लांब आवाज झाला, पाणी बाहेर सांडलं आणि ओल्या मोज्यातला पाय अलगद वर आला. मग डावा.

टाळी वाजवावी असं कोणालाच वाटलं नाही. सुरी आणणाऱ्याने पुढे होऊन त्यांना काठावर घेतलं.

संध्याकाळी ते फाटलेला एक बूट काखेत घेऊनच निघाले. गल्लीत आपल्या दाराशी ते थांबले नाहीत. ती मागोमाग जायला लागली तसा त्यांनी मागे न बघताच हात केला. "तू जा घरात."

ती दारातच उभी राहिली. दोन घरं पुढे कडी वाजली, दार उघडलं. मिस्त्रींनी बूट पुढे धरला. काकूंचा आवाज आला.

"आत या आधी, भाऊजी. पँट भिजलीय तुमची."