दोन वाजताची सही

वॉर्डात माझ्या पाठीमागे मला भिवापुरी म्हणायचे, भिवापूरच्या तिखट मिरचीवरून. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आयसीयूची सिस्टर गोड असून कसं चालेल? आठ खाटा, दोन मॉनिटर, त्यातला एक व्होल्टेज पडलं की आपणहून बंद होणारा, आणि नागपूरचा मे महिना. कूलर घरघरत असायचा, तरी पेशंटची पाठ रबरी चादरीला चिकटायची. ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. दवाखान्याचं नाव सांगत नाही, उगीच कोणाला झोंबायला नको. माझं नाव मात्र सांगते. अनुसया. कारण यातला मोठा वाटा माझा आहे.

मोठ्या डॉक्टरांचा राउंड दुपारी दोनला. चार्टवर प्रत्येक औषधापुढे वेळेची घरं आखलेली असतात. औषध दिलं की नर्सनं त्या घरात सही करायची. आता दोनचं औषध, दोनचा राउंड आणि दोनलाच ड्युटी बदलायची, हे सगळं एकाच वेळी कसं जमावं? पण घर रिकामं दिसलं की साहेबांचा पारा चढायचा. एकदा त्यांनी चार्टची पाटी खिडकीच्या जाळीवर फेकून मारली होती. मग मी तोड काढली. सकाळच्या नर्सनं दीडलाच दोनच्या सगळ्या सह्या करून ठेवायच्या. राउंड आटोपला की दुपारच्या नर्सनं निवांत औषधं द्यायची. साहेब खूश, आम्ही खूश. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. आमच्या वॉर्डात दोनच्या घरातल्या सहीचा अर्थ ‘दिलं’ असा नव्हताच. ‘द्यायचं आहे’ असा होता. सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटेनासं झालं.

एक जया सोडून. ही पोर उमरेडची, विणकर कोष्ट्याच्या घरची. मीही गोळीबार चौकातली कोष्ट्याचीच, त्यामुळे तिच्याबद्दल मनात जरा ओलावा होता, पण तो दाखवायची माझी रीत नाही. ती नवीन होती, प्रोबेशनवर. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “सिस्टर, औषध द्यायच्या आधी सही कशी करू?”

“कशी म्हंजे? पेनानं कर,” मी म्हणाले. “आन् मले शहाणपण नको शिकवू वं.”

तिनं मान हलवली. मला वाटलं, समजली. पण त्या पोरीनं मनाशी वेगळंच ठरवलं होतं: दीडला सही करायची नाही, आपल्या खाटेची कामं पटापट उरकून बरोबर दोनच्या ठोक्याला इंजेक्शन द्यायचं आणि मगच सही करायची. पहिले दोन आठवडे तिच्या खाटेला दोनचं काही नव्हतंच, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोनचं इंजेक्शन तिच्या वाट्याला आलं.

चार नंबरवर जागेश्वर होता. कामठीच्या पॉवरलूमवर काम करणारा, साठीचा माणूस. त्याचं हृदय सैरभैर धावत होतं. ते आवरायला डिगॉक्सिनचं इंजेक्शन, दुपारी दोनला. हे औषध फार बेतानं द्यावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर हृदय बंदच पडायचं.

त्या दिवशी साहेबांना यायला वीस मिनिटं उशीर झाला. जयानं दोनला नाडी पाहिली, इंजेक्शन दिलं, सही केली. बाकीची कामं उरकून ती मला सांगायला आली, तोवर साहेब पोचले होते. मी साहेबांच्या मागे फायली घेऊन उभी. “सिस्टर, चार नंबरचं मी...” एवढंच ती बोलली. मी हातानंच हाकललं तिला. तिची उमरेडची बस निघायची होती. ती गेली.

पावणेतीनला राउंड संपला. दुपारच्या ड्युटीला पुष्पलता होती, बारा वर्षांची जुनी, हात एकदम साफ. तिनं चार्ट पाहिला. दोनच्या घरात सही आहे, म्हणजे द्यायचं आहे. तिनंही नाडी पाहिली, ठीक होती. पहिल्या इंजेक्शनचा जोर अजून चढायचा होता. तिनं दुसरं दिलं.

साडेचारला जागेश्वरला ओकाऱ्या सुरू झाल्या. नाडी अडतीस. हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, धावत आला आणि कारण शोधू लागला. तेवढ्यात आमची आया कांताबाई ट्रे धुवायला घेऊन जाता जाता थांबली.

“बाई, ह्या दवाईच्या आज दोन शिश्या काहून निघाल्या? एकच निघाले पायजे न?”

मी त्या फुटक्या शिश्यांकडे पाहिलं, चार्टकडे पाहिलं आणि सगळं एका क्षणात समजलं. हाउसमनला तिथल्या तिथं सांगितलं, “डॉक्टर, दोनदा गेलं आहे.” तेवढं तरी माझ्या हातून बरोबर झालं. नाडी वाढवायला ॲट्रोपिन दिलं, चांगला मॉनिटर दुसऱ्या खाटेवरून काढून त्याला लावला. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याच्या मनगटावरचं बोट काढलं नाही.

मधे एकदा बाहेर आले तर बाकावर त्याची बायको भागीरथा डबा घेऊन बसलेली. “थोडं खालीवर होऊन राहिलं,” मी म्हणाले. तिनं माझा हात धरला. “तुमीच पाहा बाई. मले तं काही समजत नाही.” मला लाज वाटली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

सकाळी सातला नाडी बासष्ट झाली. त्यानं चहा मागितला. वाचला.

दहा वाजता मेट्रननं बोलावलं. अरुंधतीबाई नागपुरातल्या महाल भागातल्या, बोलणं नेहमी हळू आणि गोड.

“अनुसया, साहेब अकराला चौकशीला बसताहेत. त्याआधी हे मिटवू या. नव्या मुलीनं औषध दिलं आणि सही करायची विसरली, मग घाबरून मागाहून केली, असं तिच्याकडून लिहून घे. प्रोबेशनवर आहे, घरी जाईल. पुष्पलताला दोन लेकरं आहेत. आणि तुझा असिस्टंट मेट्रनचा कागद वर गेलाय. आता त्या सह्यांचं पुराण काढत बसू नकोस.”

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? “बरं,” म्हणाले. भिवापुरी म्हणे! त्या जागेसाठी मी नऊ वर्षं वाट पाहिली होती.

जयाला मी लिनन रूममध्ये नेलं, दार लावलं आणि मेट्रननं सांगितलं ते सगळं तिच्यापुढे ठेवलं. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होती.

“पण मी तं सही दिल्यावरच केली, सिस्टर.”

“माहीत आहे मले.”

“मंग?”

“मंग काय? लिहून दे. दुसरीकडं कुठंतरी लागशील.”

“असं लिहून दिल्यावर कोण घेईन मले?” तिनं विचारलं. तिचा आवाजही चढला नाही. “बाबाचा माग बंद पडून दोन वर्षं झाले. मी नर्स झाली म्हणून घरी आईनं पूजा घातली होती.”

मी कागद आणि पेन तिच्या हातात कोंबलं. तिनं कागद मांडीवर ठेवला, वर तारीख घातली, ‘मी’ लिहिलं आणि थांबली. मग माझ्याकडे वर पाहून म्हणाली, “पुढे काय लिहू, तुमीच सांगा. तुमी सांगान तसं लिहिते.”

मला सांगता येईना. चार वर्षं सगळ्यांना मीच सांगत होते ना, असं कर, तसं कर? आणि आता एक वाक्य सांगता येत नव्हतं. राग आला. आधी तिचा, मग मेट्रनचा, मग त्या साहेबाचा, आणि शेवटी जिचा यायला हवा होता तिचा आला. कागद तिच्या हातातून ओढून घेतला, चुरगाळला आणि एप्रनच्या खिशात घातला.

“ऊठ. तोंड धू. आन् ड्युटीवर जा.”

रेकॉर्डच्या कपाटातून हाताला लागतील तेवढे जुने चार्ट काढले, वर चार नंबरचा कालचा चार्ट ठेवला. छातीशी गठ्ठा धरून मेट्रनच्या ऑफिसात शिरले तेव्हा साहेब येऊन बसले होते. पुष्पलता कोपऱ्यात उभी होती. मला ऐकू आलं, ती म्हणत होती, “सही दिसली नाही, सर.” माझ्यासाठी खोटं बोलत होती बिचारी.

“तिला दिसली होती,” मी म्हणाले आणि गठ्ठा टेबलावर टाकला. “दिसली म्हणूनच तिनं दिलं. आमच्या वॉर्डात दोनच्या सहीचा अर्थ औषध द्यायचं आहे असा होतो. तो नियम माझा.”

अरुंधतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेब एकेक चार्ट उलटू लागले. “म्हणजे चार वर्षं मी खोट्या सह्या पाहतोय?”

“हो.”

“कशासाठी?”

“घर रिकामं दिसलं की तुम्ही पाटी फेकता म्हणून.”

मी म्हणाले, “सर, या सगळ्या गठ्ठ्यात दोनच्या घरातली भरवशाची सही एकच आहे. कालची, त्या पोरीची. आणि आपण तीच खोटी ठरवायला बसलोय.”

साहेबांनी त्या कालच्या चार्टवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “जा तुम्ही. तिला काही होणार नाही.”

जयाला काही झालं नाही. पुष्पलताला समज मिळाली. मला मेमो मिळाला आणि माझा कागद खाली परत आला. असिस्टंट मेट्रन दुसरीच झाली. वाईट वाटलं का? वाटलं तर! दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्याच दुपारी मी चार नंबरजवळ गेले. भागीरथा आत आली होती. दोघांना सांगितलं, “काल तुमाले एक दवाई दोनदा गेली. म्हणून तब्येत बिघडली. चूक माझी होती.”

भागीरथानं माझ्याकडे पाहिलं, मग मान फिरवली. तिनं काल धरलेला हात आज धरला नाही. तो तिचा हक्क होता. जागेश्वरनं छताकडे पाहतच विचारलं, “आता दवाई कोण देईन?”

“मीच देईन.”

“मंग देण्याच्या आधी मले सांगत जा. मी मोजत जाईन.”

चौथ्या दिवशी मी सकाळपासून त्याच्या खाटेच्या ड्युटीवर होते. डिगॉक्सिन थांबवलं होतं, दोनचं दुसरं इंजेक्शन त्या दिवसापासून सुरू व्हायचं होतं. दोन वाजले आणि साहेब नेमके वेळेवर आले. त्यांनी चार नंबरची पाटी उचलली. दोनचं घर रिकामं. पाटीवरची त्यांची बोटं घट्ट झाली. सगळा वॉर्ड हातातलं काम टाकून बघत होता. कांताबाई तर खिडकीपासून बाजूला सरकली.

“हे दिलं नाही?”

“नाही सर. आता देते.”

“द्या,” ते म्हणाले. “मी थांबतो.”

मी नाडी पाहिली. जागेश्वरला सांगितलं, “ही दोनची.” त्यानं एक बोट दुमडलं. इंजेक्शन सावकाश दिलं. शिशी सगळ्यांना दिसेल अशी ट्रेमध्ये ठेवली. मग मागे हात केला.

“जया, पेन दे वं.”

तिनं दिलं. त्या वॉर्डात मी चार वर्षं होते. दोनच्या घरात, औषध दिल्यावर केलेली माझी ती पहिली सही.