पुष्पाआक्का वाळली

मच्छिंद्रने ताट पुढे सरकवलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. ताटात पुरणपोळ्या होत्या. त्याच्या बायकोने पहाटे उठून केलेल्या, कर्जतहून एसटीने शेवगावात आलेल्या.

"खा आक्का. माहेरचं हाय."

पुष्पावतीला सगळं कळलं. दुखणं हाताबाहेर गेलं की भावाने बहिणीला माहेरचं गोडधोड भरवून जायचं, ही त्यांच्याकडची रीत. शेजारच्या बायकाही हल्ली शिरा-लाडू आणून तिच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या. दोन वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आता अंग उतरलेलं दिसताच गावाने तिला परस्पर निरोप द्यायला घेतला होता.

"आरं, मी बरी हाय. दुखणं परत येऊ नये म्हनून डॉक्टरनीच वजन कमी करायला लावलंय. रोज कालव्यापतोर चालते, दोन भाकरीची एक केली."

"आपल्यात कुनी असं वाळतं व्हय? आत्या, मावशी, समद्या भरलेल्या. आई तेवढी वाळली. अन् गेली."

आईने गाठ पदराखाली लपवली आणि घरातल्यांनी ती लपू दिली. पुष्पावतीला त्याचा अजून राग होता.

"जाडी रक्तातनं आली तरी चालून उतरती, असं म्हनले डॉक्टर. पर ह्यो आजार बी आपल्या रक्तातनंच आलाय. माझ्या तपासनीत निघालं. तुझं अन् तुझ्या सुकन्याचं रक्त तपासाया पायजे."

"पोरीचं लग्न जमतंय, आक्का. लोकं काय म्हनतील?"

"माझं काय म्हनतेत ते बघतोयस की."

मच्छिंद्रने ताट आणखी पुढे सरकवलं. तिने पोळीचा एक तुकडा मोडून खाल्ला, तेवढंच त्याच्या मनाला बरं म्हणून. मग त्याची पिशवी उचलून त्याला स्टँडवर सोडायला निघाली.

चढावर मच्छिंद्रला धाप लागली. तो पुलाच्या कठड्याला टेकला. आक्का कधीच पुढे जाऊन, पिशवी हातात घेऊन त्याची वाट बघत उभी होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"आईला शेवटी उंबरा बी वलांडता येत नव्हता," जवळ येऊन तो म्हणाला.

"व्हय."

एसटी सुटताना त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रक्त द्यायला उपाशी यायचं का गं? सुकन्याला बी आनतो."

"न्हाई. जेवून या."

गाडी गेली. पुष्पावती स्टँडच्या ओट्यावर बसली आणि कितीतरी वर्षांनी आईसाठी रडली.