उघडी जर

नवरात्रातल्या आठमीच्या दुपारी दमयंतीने सहावी मोटर चोळीच्या पाठीत शिवली आणि दोरा दातांनी तोडला. मोटर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. मोबाइल थरथरतो तो तिच्यामुळे. खांद्यावर टिकलीएवढा माइक होता, कमरेला बॅटरी. ढोलावर थाप पडली की माइकने ती पकडायची आणि चकत्यांनी पाठीवर थरथरायचं, एवढंच काम. पण या सगळ्याला जोडायला तिने तांब्याची तार घेतली नव्हती. घेतली होती ती जर, स्वतःच्या लग्नातल्या पानेतर साडीच्या काठातून उसवलेली, अस्सल चांदीची. सुरतेच्या त्या गल्लीत चार पिढ्या जर ओढणाऱ्या घरातल्या बाईला दुसरं काही सुचलंच नसतं. पाठीवर तिने त्याच जरीचा मोर काढला होता. पिसाऱ्यातलं एकेक पीस एकेका चकतीपर्यंत जात होतं.

शेजारच्या जशुमासींची सून पौलोमी पॉलिटेक्निकात शिकवायची. वायरिंगचा आराखडा तिचाच. तिने चोळी उलटसुलट करून पाहिली.

"दमयंतीमासी, पिसं फार जवळजवळ आलीत. वरून अस्तर घाला. नाहीतर नेलपॉलिशचा हात तरी फिरवा."

"अस्तर? जर कोण झाकतं माहितीय? ज्याची खोटी असते तो."

"विजेला खरं-खोटं कळत नाही हो."

"मला कळतं ना."

पलंगावर बसलेली तिची लेक झंखना दोघींच्या ओठांकडे बघत होती. तिने पाटीवर लिहिलं, 'भाभी सांगते ते कर.' दमयंतीने वाचलं आणि पदराने पुसून टाकलं.

झंखना एकोणीस वर्षांची. गेल्या वर्षीच्या श्रावणात मेंदूला ताप चढला आणि अकरा दिवसांत दोन्ही कान गेले. त्याआधी गल्लीचा गरबा तीच गायची, डोळे मिटून. तापातून उठल्यावर ती त्याच वर्षीच्या नवरात्रात खाली उतरली, पुढच्या बाईच्या पायांकडे बघत नाचली, प्रत्येक वळणाला अर्धी मात्रा मागे राहिली. शेवटी तिचा हात जशुमासींच्या तोंडावर बसला. कुणीतरी हसलं. कोण हसलं ते ऐकू आलं नाही, म्हणून तिने धरून टाकलं की सगळेच हसले. त्यानंतर वर्षभर दवाखाना सोडला तर ती जिना उतरली नव्हती. गेल्या महिन्यात गाण्यांच्या वह्या रद्दीत घातल्या. आणि चोळीचं बोलणं निघालं तेव्हा तिच्या नव्या, सपाट आवाजात म्हणाली, "एकदा बघते. नाही जमलं तर मला परत कशालाही बोलवायचं नाही. कधीच."

त्या दिवसापासून दमयंती गच्चीला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचून फिरत होती.

दिवेलागणीनंतर मायलेकी खाली आल्या, झंखनाच्या अंगात ती चोळी, जर उघडीच. चौकात मधोमध गरबो, म्हणजे भोकांचा मातीचा घट, मांडला होता, त्याच्या भोकांतून आतल्या दिव्याचा उजेड पडत होता. जशुमासी पुढे झाल्या आणि झंखनाला दिसेल असं तोंड करून म्हणाल्या, "गेल्या खेपेला हा गाल झाला. आज दुसरा आणलाय."

झंखनाला ओठ कळले. ती हसली नाही, पण रिंगणात गेली.

रमणभाईंनी ढोलावर पहिली थाप मारली आणि झंखनाची पाठ ताठ झाली. दमयंती रिंगणाबाहेर उभी राहून तिचे पाय मोजत होती. टाळी, टाळी, गिरकी. बरोबर. पुन्हा बरोबर. तिसऱ्या फेऱ्याला झंखनाने पुढच्या बाईच्या पायांवरची नजर काढली. पाचव्याला डोळे मिटले. दमयंतीने किल्लीवरची मूठ सैल केली.

तास गेला. गर्दी वाढली, उकाडा वाढला. झंखनाची चोळी भिजून अंगाला चिकटली. ताल वाढत गेला तशी ती रिंगणातून आत सरकून मधल्या घटाजवळ आली. मग रमणभाईंनी ढोल थांबवला. आरतीचं ताट आलं. बायका जागच्या जागी उभ्या राहून, हात जोडून आरती म्हणू लागल्या.

झंखना थांबली नाही.

उलट तिचा वेग वाढला. दमयंतीला क्षणभर काही कळेना. मग पाठीवरचा मोर दिसला. घाम पिसापिसांत उतरला होता, एका जरीवरची वीज ओल्या कापडातून दुसरीवर जात होती. ती गिरकी घेई, कापड हले, चकत्या थरथरत. थरथरल्या की ती आणखी जोरात गिरकी घेई. आता तिच्या पाठीवर ढोल नव्हताच, तिचंच नाचणं तिला परत येत होतं. डोळे मिटलेलेच, चेहरा वर, तापाआधी गाताना असायचा तसा.

आरतीचे सूर विस्कटले. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"थांबव तिला," जशुमासी कुजबुजल्या. "जा ना, हात धर."

हात धरला तर ती डोळे उघडणार, आणि मग तिचं ते कधीच म्हणजे कधीच. दमयंती रमणभाईंकडे धावली.

"वाजवा."

"आरती चाललीय, बेन."

"तिच्या पायांच्या तालावर वाजवा. दोन मिनिटं. पाया पडते तुमच्या."

"ताटातली ज्योत पेटलेली असताना गरब्याचा ढोल? गल्ली काय म्हणेल?" रमणभाईंना वाईट वाटत होतं ते दिसत होतं, पण त्यांनी काठ्या काखेत धरल्या त्या धरल्याच.

दमयंती परत फिरली. चपला काढल्या आणि हात जोडलेल्या बायकांमधून आत गेली. लेकीच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच वेगाने नाचू लागली. आवाज नाही, ताल नाही, नुसते झंखनाचे पाय बघत. गुडघे दुखरे होते. दुसऱ्याच गिरकीला तिचा तोल गेला, सावरला. वळणाला प्रत्येक वेळी अर्धी मात्रा मागे. सगळी गल्ली बघत होती. आरती कशीबशी संपली, तरी त्या दोघी नाचतच होत्या.

शेवटी दमयंतीचा खांदा झंखनाला लागला. तिने डोळे उघडले. उभ्या बायका दिसल्या, विझत आलेली ज्योत दिसली, काखेत काठ्या धरलेले रमणभाई दिसले, आणि घामाने निथळत धापा टाकणारी आई.

"ढोल कधी थांबला?" तिने विचारलं. तिचा आवाज चौकभर गेला.

दमयंतीने ओठ स्पष्ट हलवले. "आत्ताच."

चकत्या अजून अधूनमधून थरथरत होत्या. झंखनाने हात मागे नेऊन मोरावर बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट डोळ्यांसमोर धरलं. मग कमरेची बॅटरी ओढून काढली. दमयंतीचा हात पुन्हा किल्लीवर गेला.

झंखनाने बॅटरी आईच्या तळहातावर ठेवली.

"उद्या नोम, शेवटची रात्र," ती म्हणाली. "अस्तर लाव."